पळून गेलेल्या ब्रिटिश सैनिकाची कोर्ट मार्शलची फाइल कशी वाचायची (१९१४-१८)

आधी रजिस्टर, मग फाइल. दोन्ही लंडनला क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्धखात्याचे कागद. डब्ल्यूओ २१३ म्हणजे फिल्ड जनरल कोर्ट मार्शलची, म्हणजे युद्धभूमीवर भरणाऱ्या लष्करी कोर्टाची रजिस्टरं, नाव-गुन्हा-शिक्षा थोडक्यात, आणि डब्ल्यूओ ७१ म्हणजे खटल्याचे कागद, पण ते बहुतेक ज्यांना खरंच गोळ्या घातल्या त्यांचेच उरलेत. रजिस्टरात मृत्युदंड दिसला म्हणून माणूस मेलाच असं धरू नका, ३,०८० शिक्षा सुनावल्या पण अंमलात आल्या ३४६, त्यातल्या २६६ डेझर्शनच्या, म्हणजे सैन्यातून पळून जाण्याच्या.

फाइल हातात आली की पहिल्यांदा तारखा वहीत उतरवून घ्या, बरंच काही तिथेच कळतं. थॉमस हायगेट या ब्रिटिश सैनिकाचंच बघा ना, पॅरिसजवळच्या तूर्नां गावात ६ सप्टेंबर १९१४ ला एका इस्टेटीवर साध्या कपड्यांत लपलेला सापडला, तिथल्या रखवालदाराने पकडून दिला, त्याच दिवशी खटला, त्याच्या बाजूने बोलायला कोणीच नाही, आणि ८ तारखेला सकाळी ६:२२ ला शिक्षा कायम झाल्याचं सांगितलं नि ७:०७ ला गोळ्या घातल्या. पाऊण तास फक्त!

आता साध्या कपड्यांचं एवढं काय, तर नुसती गैरहजेरी आणि डेझर्शन यात फरक हेतूचा. परत यायचंच नव्हतं किंवा आघाडीवरची ड्युटी चुकवायची होती हे दाखवावं लागायचं, म्हणून साक्षीत युनिफॉर्म कुठे होता, रायफल कुठे, स्वतःहून आला की धरून आणला, एवढं शोधा.

कोर्टात साधारण तीन अधिकारी, मृत्युदंडाला तिघांचं एकमत लागायचं. पण खरा निकाल पुढच्या शेऱ्यांमध्ये असतो, ती पानं घाईत उलटू नका. कमांडिंग ऑफिसरपासून ब्रिगेड, डिव्हिजन असं वर चढत कमांडर-इन-चीफपर्यंत कागद जायचा, आणि हा लढायला कसा आहे याच्याबरोबर बटालियनची शिस्त कशी आहे हेही विचारलं जायचं, म्हणजे दुसऱ्यांच्या बेशिस्तीपायी याचा जीव जाऊ शकायचा, मला तर हे खटल्यापेक्षा भयंकर वाटतं.

२००६ च्या कायद्याने गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना माफी मिळाली, पण त्या कायद्याने मूळ निकाल रद्द केलेला नाही हे लिहिताना लक्षात ठेवा. आणि आपल्याकडचा शिपाई शोधत असाल तर त्यांना १९११ चा इंडियन आर्मी ॲक्ट वेगळा होता, माफीत मात्र तो कायदाही धरलाय.