मेंढी गाभडली तर वार फेकू नका: विण्याच्या हंगामाआधीचा सल्ला

मेंढीचा गाभणकाळ साधारण 147 दिवसांचा असतो आणि जिवाणूंमुळे होणारे बहुतेक गर्भपात त्यातल्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होतात. म्हणजे वर्षभराचा चारा आणि मेहनत खर्ची पडल्यावर, कोकरू हाती यायच्या तोंडावर हे नुकसान होते. शंभर मेंढ्यांत एखाद-दुसरी मार लागून किंवा ताणामुळे गाभडू शकते. प्रमाण त्यापेक्षा वाढले, किंवा थोड्याच दिवसांत दुसरी मेंढी गाभडली, तर संसर्ग आहे असे धरूनच कामाला लागावे. तिसरीची वाट पाहण्यात कळपाचा मोठा भाग धोक्यात येतो.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी वार, म्हणजे गर्भाभोवतीचा पडदा, आणि मेलेले कोकरू कुंपणापलीकडे टाकले जाते. ही सवय आधी सोडावी. त्या वारेत आणि स्रावात जिवाणूंची संख्या प्रचंड असते. कुत्री ती ओढत नेतात, कावळे टोचून पसरवतात, आणि बाकीच्या गाभण मेंढ्या तिथले गवत हुंगतात व खातात. गाभडलेली मेंढी लगेच वेगळी बांधावी आणि तिला खूण करावी. अंगावरून जाणारा स्राव थांबेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, ती वेगळीच राहू द्यावी. जागेवरचे भिजलेले काड उचलून जाळावे आणि तिथे चुना टाकावा. जागा कोरडी झाडू नये, आधी पाणी शिंपडावे, कारण क्यू ताप आणणारा कॉक्सिएला हा जिवाणू वाळलेल्या धुळीतही दीर्घकाळ जिवंत राहतो आणि वाऱ्याबरोबर दूर जातो.

मग हातमोजे घालून वार एका पोत्यावर पसरावी आणि नीट पाहावी. निरोगी वारेत बटणांसारख्या गाठी लालसर असतात आणि त्यांच्यामधला पडदा पातळ, ओलसर, जवळजवळ पारदर्शक असतो. क्लॅमिडिया या जिवाणूमुळे झालेल्या गर्भपातात हाच पडदा चामड्यासारखा जाड होतो आणि त्यावर मळकट पिवळसर थर दिसतो. कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू असेल तर मेलेल्या कोकराच्या यकृतावर कधी कधी मधे खोलगट, फिकट, गोल चट्टे आढळतात. मात्र त्यासाठी कोकरू स्वतः चिरू नये, ते पशुवैद्यकांचे काम आहे. डोळ्यांनी केलेली ही पाहणी केवळ अंदाज देते. खात्री प्रयोगशाळेतच होते. त्यासाठी ताजी वार आणि अख्खे कोकरू न गळणाऱ्या दुहेरी पिशवीत, बर्फाच्या सोबतीने पण न गोठवता, शक्यतो त्याच दिवशी पशुवैद्यकांमार्फत पाठवावे. एकाच नमुन्यात काही सापडले नाही तर निराश न होता पुढच्या गाभडलेल्या मेंढीचाही नमुना द्यावा.

तपासणीचा एवढा आग्रह धरण्याचे कारण असे की बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या रोगांत पुढचे निर्णय एकमेकांच्या उलट असतात. कॅम्पिलोबॅक्टरने गाभडलेल्या मेंढीत बहुधा चांगली प्रतिकारशक्ती तयार होते, त्यामुळे तिला घाईने विकणे तोट्याचे ठरते. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेला, निघाला तर ती मेंढी कळपात ठेवणे धोक्याचे असते, कारण जिवाणू तिच्या दुधातून आणि स्रावांतून बाहेर पडत राहतात आणि औषधाने तिला भरवशाने बरे करता येत नाही. क्लॅमिडिया तर अधिकच फसवा आहे. या हंगामात तो शरीरात शिरतो, मेंढी धडधाकट दिसते, आणि पुढच्या हंगामात विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी ती गाभडते. म्हणूनच गाभडलेल्या मेंढीला पैदाशीसाठी राखायचे मादी कोकरू पाजायला लावू नये. दुधाची सोय होते खरी, पण तेच कोकरू मोठे होऊन पहिल्याच वेताला गाभडण्याची शक्यता राहते.

साल्मोनेला या जिवाणूच्या संसर्गात मेंढी स्वतः आजारी पडते. तिला ताप आणि हगवण होते आणि काही वेळा ती दगावते. लिस्टेरिया या जिवाणूचा संबंध बहुतेकदा बिघडलेल्या मुरघासाशी असतो, त्यामुळे वरचा आणि कडेचा बुरशी आलेला थर गाभण मेंढ्यांपुढे कधीही टाकू नये. खुराक जमिनीवर न पसरता गव्हाणीत द्यावा, कारण लेंड्यांतून पसरणाऱ्या जिवाणूंना अटकाव करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

गर्भपात सुरू झाल्यावर पशुवैद्यक ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन सुचवू शकतात. क्लॅमिडियात त्याने नुकसान कमी होते, पण वारेला आधीच झालेली इजा भरून येत नाही आणि संसर्गही समूळ जात नाही. शिवाय काही गर्भपात जिवाणूंचे नसतातच. मांजरांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीवर हे इंजेक्शन वाया जाते. क्लॅमिडियाची जिवंत लस गाभण मेंढीला देऊ नये, ती मेंढे सोडण्याच्या किमान चार आठवडे आधी द्यावी लागते. कळपात मेंढी विकत आणताना तिचा मागचा इतिहास विचारावा आणि ती व्यायेपर्यंत वेगळी ठेवावी. नर मेंढ्यांचे वृषणही हंगामाआधी हाताने चाचपून घ्यावेत. गाठ, सूज किंवा लहान-मोठेपणा जाणवला तर तपासणी होईपर्यंत तो नर कळपात सोडू नये.

यातले बहुतेक जिवाणू माणसालाही होतात. घरातील गरोदर स्त्रीने विणाऱ्या मेंढ्यांजवळ जाऊ नये, नवजात कोकरांना हात लावू नये आणि वाड्यातले कपडेही धुऊ नयेत. या संसर्गाने तिचाही गर्भ जाऊ शकतो. कोकरू श्वास घेत नाही म्हणून त्याच्या नाकात तोंडाने फुंकर घालणारे अनेक मेंढपाळ आहेत. त्यामागची माया समजते, पण हे करू नये. कोरड्या कापडाने किंवा काडाने अंग जोरात चोळावे. दूध उकळूनच प्यावे. आणि हंगामात किंवा त्यानंतर ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी रेंगाळली, तर आपण मेंढ्यांचे काम करतो आणि कळपात गर्भपात झाले आहेत हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे, कारण या आजारांच्या रक्ततपासण्या वेगळ्या असतात आणि त्या मुद्दाम मागवाव्या लागतात.