भुयारी गटारीची जोडणी: नाशिकमध्ये अर्जापासून चेंबरपर्यंत

शहराच्या कडेच्या बऱ्याच वसाहतींत घरं आधी उभी राहिली आणि भुयारी गटार मागून आली. मधली वर्षं सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर निघाली. नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते, खाली मुरूम आणि त्याखाली बसाल्ट. म्हणून पावसाळ्यात शोषखड्डा भरून वर येतो, आणि त्यावर उपाय म्हणून कुणीतरी रात्रीतून पाइप पावसाळी गटारीत सोडून देतं. ते पाणी कुठल्याही मलजलशुद्धीकरण केंद्रात जात नाही. नाल्यातून नासर्डीला किंवा वाघाडीला मिळतं आणि तिथून थेट गोदावरीत जातं. जोडणी रीतसर का घ्यायची, याचं हे पहिलं कारण.

आधी रस्ता पाहा, मग अर्ज लिहा

रस्त्याच्या मध्यात किंवा एका बाजूला ठरावीक अंतरावर बंद गोल झाकणं दिसली, तर ती मलवाहिकेची, म्हणजे भुयारी गटारीच्या पाइपाची, चेंबर. कडेला जाळी असेल, तर ती पावसाळी गटार. या दोन्हींत गल्लत करणारे प्लंबरही आहेत, म्हणून खात्री महापालिकेच्या विभागीय कार्यालयातून करून घ्यायची. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर असे सहा विभाग आहेत. तुमची घरपट्टी ज्या विभागात भरली जाते, त्याच कार्यालयात मलनिस्सारणाच्या अभियंत्यांना भेटायचं.

त्यांच्याकडून एकच आकडा लिहून घ्यायचा: जवळच्या चेंबरच्या तळाची रस्त्यापासून खोली. चेंबर स्वतः उघडू नका आणि कुणाला आत उतरवू नका. आतल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो.

खोलीचा आकडा का हवा, ते हिशेबाने पाहू. ११० मिमी पाइपाला १:४० उतार लागतो, १६० मिमीला १:६०. घराचं शेवटचं चेंबर रस्त्यातल्या चेंबरपासून १८ मीटर लांब असेल, तर ११० मिमी पाइप तेवढ्या अंतरात ४५ सेंमी खाली जातो आणि १६० मिमीचा ३० सेंमी. घरातल्या चेंबरचा तळ आधीच जमिनीखाली ४५ सेंमी असला, तर रस्त्यातलं चेंबर पहिल्या पाइपासाठी किमान ९० सेंमी आणि दुसऱ्यासाठी ७५ सेंमी खोल हवं. जमीन सपाट धरून केलेला हा हिशेब आहे. प्लॉट रस्त्यापेक्षा खाली असेल, तर तो फरक खोलीत मिळवा. हे न पाहता खोदाई केली की पाइप ‘कसाबसा’ बसवला जातो, मैला तळाशी साचतो आणि दर तीन-चार महिन्यांनी तुंबतो. मोठ्या पाइपाला उतार कमी चालतो, म्हणून जागा अडचणीची असेल तेव्हा १६० मिमीच घ्या.

रस्त्यात गटारच नसेल तर

इथे प्लंबरचं काम थांबतं आणि महापालिकेच्या निर्णयाचं सुरू होतं. एकट्या घराचा अर्ज इथे फारसा चालत नाही. गल्लीतल्या सगळ्या मिळकतींचा एकत्र अर्ज द्या आणि त्यात गरज आकड्यांत मांडा. शहरातल्या पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात आणि वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं. ६० घरं, घरटी ५ माणसं धरली तर ४०,५०० लिटर पाणी आणि ३२,४०० लिटर सांडपाणी रोज. सोबत गल्लीचा साधा नकाशा, प्रत्येक मिळकतीचा घरपट्टी क्रमांक, सर्वात जवळच्या चालू चेंबरपर्यंतचं अंतर आणि जमिनीचा उतार कोणत्या बाजूला आहे ते लिहा. अभियंत्याला खर्चाचं अंदाजपत्रक करायला नेमकी हीच माहिती लागते.

पुढे या कामाला प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निधीची तरतूद, निविदा आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) एवढ्या पायऱ्या असतात. ‘तुमचं काम मंजूर आहे’ हे वाक्य यातल्या कुठल्याही पायरीला ऐकू येतं, म्हणून ते ऐकून परत येऊ नका. नेमकं काय मंजूर झालं, कोणत्या ठराव क्रमांकाने, आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे महापालिकेच्या अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून, हे तीन प्रश्न विचारा. लेखाशीर्ष सांगता आलं नाही, तर पैसा ठरलेला नाही असं समजा.

महासभा धोरण आणि महापालिकेचं वार्षिक अंदाजपत्रक ठरवते. स्थायी समिती १६ सदस्यांची असते आणि मोठ्या निविदांना तिची मंजुरी लागते. प्रभाग समिती आपल्या हद्दीतल्या छोट्या कामांपुरती. लोकनियुक्त सभागृह नसतं तेव्हा हे सगळे अधिकार प्रशासकाकडे जातात. मार्च २०२२ नंतर नाशिकमध्ये तसंच झालं होतं. त्या काळातल्या कामांचे ठराव शोधताना प्रशासकांचे ठराव मागा. महासभेच्या इतिवृत्तात ते सापडणार नाहीत.

वेळ साधणं फार महत्त्वाचं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढच्या आर्थिक वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याच्या आधीपासून चालते. तुमचा एकत्र अर्ज दिवाळीच्या सुमारास कार्यालयात पोचलेला हवा. मार्चमध्ये दिलेला अर्ज वर्षभर मागे पडतो. प्रत नगरसेवकांनाही द्या, पण मूळ अर्ज आवक शिक्का घेऊन कार्यालयातच.

आणखी एक. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं हाती घेतलेली आहेत. नवा डांबरी किंवा काँक्रीट रस्ता झाला की तो लगेच फोडायला परवानगी मिळणं अवघड. तुमच्या गल्लीचा रस्ता यादीत असेल, तर ‘आधी मलवाहिका आणि घरजोडण्यांचे पाइप, मग रस्ता’ अशी लेखी मागणी बांधकाम विभाग आणि मलनिस्सारण विभाग, दोघांकडेही द्या.

घराची जोडणी

रस्त्यात गटार असेल तर अर्जासोबत सहसा लागतं ते असं: मालकीचा पुरावा (सातबारा किंवा मिळकत पत्रिका), बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, घरपट्टी-पाणीपट्टी चालू वर्षापर्यंत भरल्याची पावती, प्लंबिंगचा नकाशा आणि परवानाधारक प्लंबरची सही. थकबाकी असली की अर्ज तिथेच अडतो, ती आधी भरा. रस्ता फोडायची परवानगी आणि दुरुस्ती शुल्क वेगळं असतं. पावसाळ्यात खोदाईला परवानगी सहसा मिळत नाही, म्हणून एप्रिलपर्यंत परवानगी हातात असेल असं बघा.

आता पाइप. न्हाणीघर आणि मोरीचं पाणी गली ट्रॅपमधून, म्हणजे थोडं पाणी कायम साठवून ठेवणाऱ्या वळणाच्या भांड्यातून, जायलाच हवं. ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी गटारीतला वास आणि झुरळं अडवतं. संडासाचा पाइप मात्र गली ट्रॅपला न जोडता सरळ चेंबरला न्यायचा. प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक जोडावर चेंबर हवं. चेंबरचा तळ सपाट ठेवू नका, पाइपाच्या आकाराची अर्धगोल पन्हळ सिमेंटने घडवून घ्या. गवंडी हे काम टाळतात, आणि तुंबण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. पाइपाखाली मुरमाचे खडे नकोत, वाळूची किंवा कचची (दगडाच्या बारीक चुऱ्याची) गादी द्या. बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून पाइपात पाणी भरा आणि अर्धा तास पातळी पाहा. उतरली, तर जोड गळतोय.

गच्चीचं पावसाचं पाणी या पाइपाला कधीही जोडू नका. जोरदार सरीत ते पाणी मलवाहिका भरून टाकतं आणि खालच्या गल्लीतल्या घरांच्या संडासातून मैला वर येतो. तुमचं घर उतारावर खाली असेल, तर शेवटच्या चेंबरआधी उलट प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह बसवा आणि पावसाळ्याआधी तो उघडून साफ करा.

नळाचा पाइप आणि गटारीचा पाइप एकाच चरात टाकायचा मोह होतो, कारण खोदाई वाचते. असं करू नका. दोन्हींत आडवं ३ मीटर अंतर असावं. जिथे ओलांडणी टळत नाही, तिथे नळाचा पाइप वर आणि किमान अर्धा मीटर उंचीच्या फरकाने. अरुंद गल्लीत ३ मीटर मिळत नसतील, तर नळाचा पाइप मोठ्या पाइपाच्या आवरणात घालून न्या.

सेप्टिक टँकचं काय करायचं

जोडणी टँकमधून पुढे न्यायची नाही, टँक वगळायचा. टँक मध्ये ठेवला तर गाळ उपसत राहावा लागतो आणि कुजलेलं, हायड्रोजन सल्फाइडचं पाणी चेंबरचं सिमेंट खातं. नवी जोडणी चालू झाली की टँक यंत्राच्या गाडीने उपसून घ्या. सुरक्षा साधनांशिवाय आत माणूस उतरवणं हाताने मैलासफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ती बंदी घरमालकालाही लागू आहे. गाळ कुठल्या केंद्रावर रिकामा करणार, हे गाडीवाल्याला विचारून पावती घ्या. मग तळाला भोकं पाडून, चुना टाकून, मुरूम थराथराने दाबून टँक भरा. अर्धवट भरलेला टँक दोन पावसाळ्यांत खचतो.

नळाला घाण पाणी आलं तर

गटारीचं काम सुरू असलेल्या भागात हे हमखास घडतं. तक्रार करण्याआधी दोष कुठे आहे ते ओळखा, म्हणजे ती योग्य माणसाकडे जाईल. फक्त तुमच्याच घरी घाण येत असेल, तर तुमच्या नळजोडणीचा पाइप फुटला आहे. सगळ्या गल्लीत पहिली पाच-दहा मिनिटं घाण आणि मग स्वच्छ येत असेल, तर पाणी बंद असताना रिकाम्या जलवाहिनीत गळतीतून सांडपाणी ओढलं जातंय. थेट नळाला मोटार लावणारे ही ओढ आणखी वाढवतात. पूर्ण वेळ घाण येत असेल, तर मुख्य वाहिनीचा प्रश्न. कर्मचाऱ्यांना ओटी टेस्ट (पाण्यात रसायनाचे थेंब टाकून उरलेलं क्लोरीन पाहण्याची चाचणी) करायला सांगा. घरापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. थेंब टाकून पाणी पिवळं झालंच नाही, तर वेळ, ठिकाण आणि फोटो जोडून त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पाणी उकळून प्या.

उत्तर मिळालं नाही तर

अर्ज घेताना क्रमांक आणि मुदतीची तारीख असलेली पोच देणं महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार बंधनकारक आहे. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. नाकारण्याचं कारण लेखीच मागा. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

मलवाहिकेचं काम कागदावर अडकलं असेल, तर माहिती अधिकार जास्त उपयोगी. १० रुपये शुल्क, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका. ठरावाची प्रत, कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची पानं मागा. मोजमाप पुस्तिकेत किती मीटर पाइप कुठल्या तारखेला टाकला ते लिहिलेलं असतं, आणि तुमच्या गल्लीत तो दिसत नसेल तर पुढचं बोलणं त्या पानावरूनच सुरू होतं.

काम पूर्ण झाल्यावर चर बुजवण्याआधी पाइपाचे फोटो घ्या. प्रत्येक चेंबरचं कुंपणापासूनचं अंतर टेपने मोजून नकाशावर लिहा. एक प्रत घरपट्टीच्या कागदांत, एक सोसायटीच्या सेक्रेटरींकडे ठेवा.