नवी सेमी-ऑटो शॉटगन सारखी अडकतेय? या चुका टाळा

आपल्याकडे नवी बाइक घेतली की पहिले हजार किलोमीटर जपून चालव, असं शेजारीपाजारीही बजावतात. तीच सवय डोक्यात ठेवून मी टेक्ससमधल्या क्ले रेंजवर, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायच्या मैदानावर गेलो आणि नव्याकोऱ्या बारा बोअरच्या सेमी-ऑटोला (दर बारानंतर रिकामी पुंगळी फेकून पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक) दुकानातली सगळ्यात हलकी काडतुसं घातली. तिसरा बार उडवताच रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत आडवी अडकली, अर्धी आत नि अर्धी बाहेर. पुढचा तासभर मी नेम कमी धरला आणि पुंगळ्याच जास्त उपसल्या.

इथे बाइकचं गणित उलटं चालतं. नव्या बंदुकीची स्प्रिंग कडक असते आणि एकमेकांवर घासणारे भाग अजून गुळगुळीत झालेले नसतात, त्यामुळे बोल्टला (पुंगळी ओढून काढणारा, मागेपुढे सरकणारा भाग) पूर्ण मागे जायला जास्त जोर लागतो. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम छऱ्यांच्या संथ काडतुसात तो जोर कमी पडतो. म्हणून सुरुवातीच्या तीन-चार पेट्या (एका पेटीत २५) सव्वा औंसाच्या, शिकारीसाठी मिळणाऱ्या जोरदार काडतुसांच्या घ्या. खांदा दुखेल, दुखू द्या. नेमका आकडा बंदुकीच्या पुस्तिकेत असेल तर तोच पाळा. काडतुसाची लांबी मात्र नळीवर कोरलेल्या मापापेक्षा जास्त नको. पावणेतीन इंची चेंबरमध्ये (नळीतली काडतूस बसायची जागा) तीन इंची काडतूस कधी कधी बसतंही, पण उडताना पुंगळीचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो.

पण या सगळ्याआधीची चूक म्हणजे खोक्यातून काढली आणि थेट रेंजवर नेली. कारखान्यातून येताना अंगावर असलेलं तेल हे गोदामात गंज चढू नये म्हणून लावलेलं असतं. ते चिकट असतं. बंदूक पुस्तिकेप्रमाणे खोला, ते सगळं पुसून काढा आणि बोल्टच्या सरकत्या जागांवर चांगल्या तेलाचा पातळ हात फिरवा. तेलात बुडवायची नाही. जास्तीच्या तेलात जळक्या दारूची काजळी बसते आणि त्याचं काळं लोणी होतं. शिवाय थंडीत बाटलीतलं खोबरेल जसं थिजतं, तसं जाड ग्रीसही गोठून बोल्टला मंद करतं.

आता आपली बंदूक कोणत्या जातीची, ते बघा. गॅसवर चालणारीत नळीतला थोडा वायू बारीक भोकांतून दट्ट्याला ढकलतो आणि दट्ट्या बोल्टला मागे रेटतो. तिथे ती भोकं काजळीने बुजणं किंवा पुढची टोपी सैल राहणं ही नेहमीची दुखणी. जुन्या रेमिंग्टन ११००मध्ये एक रबरी ओ-रिंग असते. ती सुकून तुटली की बंदूक एकेक बार मारायच्या लायकीची उरते, म्हणून ११००वाले खिशात दुसरी बाळगतात.

बेनेली कंपनीच्या बंदुकांसारखी इनर्शियावर (जडत्वावर) चालणारी बंदूक वेगळीच. एसटी हिसका देऊन सुटली की उभे प्रवासी जागच्या जागी राहू पाहतात ना, तसंच. बार झाला की अख्खी बंदूक मागे येते, बोल्टचा जड भाग मात्र जागीच राहू पाहतो, त्यात आतली स्प्रिंग दबते आणि तीच मग बोल्टला मागे फेकते. म्हणजे बंदूक मागे यायलाच हवी. दस्ता भिंतीला किंवा खांबाला टेकवून बार केला, नाहीतर टॉर्च, जादा काडतुसांचा पट्टा असं ओझं बंदुकीवर चढवलं, की बिचारी अडखळते. याच जातीत आणखी एक खोड आहे. आवाज नको म्हणून बोल्ट हाताने धरून हळूच पुढे सोडला तर तो पूर्ण बंद होत नाही, आणि चाप ओढल्यावर नुसती ‘टक’. बोल्ट मागे खेचून सरळ सोडून द्यावा.

ही ‘टक’ ऐकू आली तर लगेच बोल्ट उघडू नका. नळी मैदानाकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा, बार उशिरा होऊ शकतो. बार ‘फुस्स’ झाला तर थांबाच. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. आत वॅड (दारू आणि छऱ्यांमधलं बूच) अडकलेला असताना दुसरा बार केला तर नळी फुटू शकते.

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. मी तेल, काडतूस आणि पकड तिन्ही एकदम बदललं आणि नेमकं कशाने जमलं, ते कळायला पुढचे दोन रविवार गेले. सोपी परीक्षा अशी: एकच काडतूस मॅगझिनमधून (नळीखालच्या काडतुसं भरायच्या नळकांड्यातून) चेंबरमध्ये घ्या आणि उडवा. बोल्ट मागेच अडून राहिला तर तो पुरेसा मागे जातोय. पुढे बंद झाला तर जोर कमी पडतोय, म्हणजे तेल, काजळी किंवा हलकं काडतूस. पुंगळी चेंबरमधून निघतच नसेल तर गोष्ट निराळी. स्वस्त काडतुसांची लोखंडी बुडं फुगून खरखरीत चेंबरला चिकटतात. ब्रँड बदला, चेंबर ब्रशने साफ करा.

यूट्यूब पाहून स्प्रिंगची वेटोळी कापायला मात्र बसू नका. आज हलकी काडतुसं चालतील, उद्या जोरदार काडतुसांनी बोल्ट मागे आपटत राहील. जोरदार चार पेट्यांनंतरही अडकत असेल तर वॉरंटीत परत पाठवा. कापलेली स्प्रिंग दिसली की वॉरंटीवालेही हात वर करतात.

माझी आता २८ ग्रॅमही बिनतक्रार खाते, फक्त डिसेंबरातल्या सकाळी पहिले दोन बार जरा कुरकुरते.