जर्मनीत शिकायला निघालात? रविवार टाळा

जर्मनीत शनिवारी रात्री उतरेल असं तिकीट शक्यतो काढू नका, स्वस्त मिळालं तरी. रविवारी तिथं बहुतेक दुकानं बंद असतात आणि नव्या खोलीत नळाच्या पाण्याशिवाय काही नसतं. अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात, पण महाग.

मंगळवार-बुधवार बरा, कचेऱ्या चालू असतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद किल्ली घेतानाच मागून घ्या आणि अपॉइंटमेंट आधीच बघून ठेवा. मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही.

सामायिक स्वयंपाकघरात फोडणी घालण्याआधी खिडकी उघडा, दार लावून घ्या. मिरचीचा खाट पॅसेजमध्ये गेला आणि धुराचा अलार्म कोकलला, की अख्खा मजला चपला घालून खाली! रात्री दहानंतर मिक्सर नकोच. आणि पोहे केलेत तर शेजारच्या इराणी किंवा कोलंबियन पोराला बशीभर द्या. तोही घर सोडूनच आलाय, आणि कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे बहुधा तोच तुम्हाला शिकवेल.