फ्रीजमधल्या डब्यांवरच्या तारखा

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते आणि चौथं वर्ष फेनेलझीन घेते आहे. डिप्रेशनवरचं जुनं औषध, मोनोअमाइन ऑक्सिडेज इनहिबिटर गटातलं. आधीची औषधं लागू पडली नाहीत की डॉक्टर याच्याकडे वळतात. सुट्टीत कोल्हापूरला गेले की नणंद हमखास विचारते, "मग तू खातेस तरी काय?" तिच्यासाठी आणि हे औषध घरात नव्याने आलंय त्यांच्यासाठी लिहिते आहे.

सिरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन ही मेंदूतली रसायनं मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं. ही गोळी ते निकामी करते, म्हणून ती रसायनं जास्त टिकतात. इथवर बरं. पण तेच एन्झाइम आतड्यात आणि यकृतात टायरामिन नावाचा पदार्थही मोडत असतं. ते थांबलं की खाण्यातलं टायरामिन सरळ रक्तात जातं आणि बीपी एकदम चढतं. १९६३ साली नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टने बॅरी ब्लॅकवेल या डॉक्टरांना कळवलं, की याच गटातलं औषध घेणाऱ्या आपल्या बायकोचं चीज खाल्लं की डोकं भयंकर दुखतं. त्या पत्रातून या गुंत्याचा उलगडा सुरू झाला.

टायरामिन जिवाणू तयार करतात, म्हणून प्रश्न पदार्थापेक्षा तो किती मुरलाय, किती शिळा झालाय याचा. ताजं पनीर चालतं, मुरवलेलं चीज नाही. ताजा बांगडा चालतो. सुकट आणि सुके बोंबील मी सोडले (हे जड गेलं, खोटं कशाला बोलू). सोया सॉस नाही, म्हणजे गाडीवरचं मंचुरियनही नाही. नळाची बिअर नाही. पिकलेल्या केळ्याचा गर चालतो, साल नाही. तेव्हा कच्च्या केळ्याच्या सालीची चटणी कुणी आग्रहाने वाढली तरी हात आडवा धरायचा. आणि एक गैरसमज काढून टाका: उकळून टायरामिन जात नाही. दोनदा गरम केलेला कालचा मटणाचा रस्सा तेवढाच वाईट. माझ्या फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी आणि तारीख असते. पट्टी नसली तर डबा नवऱ्याच्या वाट्याला.

पण मला खाण्यापेक्षा औषधांची धास्ती जास्त. सर्दीच्या गोळीतलं फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल आणि पेथिडिन, डिप्रेशनची बहुतेक इतर औषधं, यातलं काहीही यासोबत जिवावर बेतू शकतं. दाताच्या डॉक्टरलाही आधी सांगायचं. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक स्वतःच हे एन्झाइम थोडंफार अडवतं, आणि आज ते चिवट टीबीवर देतात. गंमत अशी, की या गटातलं पहिलं औषध, इप्रोनियाझिड, टीबीचंच होतं. १९५२च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळातले रोगी ते घेऊन भलतेच खुशीत दिसू लागले होते.

औषध बदलताना घाई नको. मी आधी फ्लुऑक्सेटिनवर होते. ते अंगातून जायला वेळ लागतो, म्हणून मधे पाच आठवडे काहीच नाही. ते दिवस फार वाईट गेले. रोज संध्याकाळी बहिणीचा फोन यायचा, बोलायला काही नसलं तरी. फेनेलझीन बंद केलं तरी शरीराला नवं एन्झाइम बनवायला दोनेक आठवडे लागतात, तोवर पथ्य चालूच. आणि मनाने बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

रोजचा त्रास उलटा असतो: उठताना बीपी पडतं. मी पलंगाच्या काठावर बसून वीस मोजते, मग पाय जमिनीवर टेकवते. पण मानेमागून अचानक घण घातल्यासारखं डोकं ठणकलं, छाती धडधडली, घाम फुटला, मान आखडली, तर वाट बघायची नाही आणि घरातली बीपीची गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. सरळ इमर्जन्सी गाठायची.

फार्मसीतून मिळालेलं कार्ड पर्समध्ये असतं. त्याच्या मागे मी मराठीत औषधांची नावं लिहून ठेवलीत. गेल्या डिसेंबरात कोल्हापुरात सर्दी झाली, तर भाचा मेडिकलमधून गोळी घेऊन आला. "साधी सर्दीची आहे गं मावशी," म्हणाला. मी त्याला पाकीट उलटं करून मागचं बारीक वाचायला लावलं. फेनिलेफ्रिन, पाच मिलिग्रॅम. त्या रात्री मी नुसती वाफ घेतली.