मनोविकाराची औषधे, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणि कॅन्सरची भीती: या चुका टाळा

नागपुरात सीताबर्डीच्या ज्या औषध दुकानात मी फार्मासिस्ट म्हणून काम करतो, तेथे एक आई दर महिन्याला आपल्या मुलाची स्किझोफ्रेनियाची औषधे न्यायला येत असत. मुलगा दिवसभर लपून खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) चघळतो, त्याचा जबडा क्षणभरही थांबत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तो बिड्याही ओढत असे. निदान कॅन्सर तरी होऊ नये म्हणून त्यांनी बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व असलेली अँटिऑक्सिडंटची बाटली मागितली, आणि मी ती काहीही न विचारता दिली. पुढे मनोविकारतज्ज्ञांनी त्याला तोंड उघडायला सांगितले, तेव्हा तोंडात खर्रा नव्हताच. जबड्याची ती हालचाल औषधाचा दुष्परिणाम होती. त्या एका बाटलीच्या व्यवहारात तीन चुका झाल्या होत्या. त्यांपैकी विचारपूस न करण्याची माझी होती. उरलेल्या दोन आजही रोज काउंटरवर दिसतात, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो.

पहिली चूक म्हणजे अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींवरील ऑक्सिडेशनचा ताण कमी करणारा पदार्थ, ही ‘ताकदीची गोळी’ आहे, तिने फायदा झाला नाही तरी नुकसान होणार नाही, असे मानणे. या समजुतीला एकेकाळी शास्त्रीय आधार वाटत होता. फळे आणि भाज्या भरपूर खाणाऱ्यांत कॅन्सर कमी आढळतो, त्या अन्नात बीटा कॅरोटीन असते, तेव्हा तेच वेगळे काढून गोळीतून दिले तर संरक्षण मिळेल, असा तो तर्क होता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर तो तपासला गेला आणि १९९४ मध्ये निष्कर्ष आले: रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त झाला. अमेरिकेत धूम्रपान करणारे, पूर्वी करत असलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात काम केलेले अशा १८ हजारांहून अधिक लोकांना बीटा कॅरोटीन व अ जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग चालू होता. तेथे फुप्फुसाच्या कॅन्सरचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढलेले दिसले आणि १९९६ च्या जानेवारीत तो ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावा लागला. ई जीवनसत्त्वाची गत याहून बरी नाही. ३५ हजारांवर पुरुषांच्या एका चाचणीत रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले.

असे का व्हावे, याचे एक संभाव्य उत्तर उंदरांवरील प्रयोगांतून मिळते. ऑक्सिडेशनचा ताण निरोगी पेशीला घातक असतो, तसाच तो कॅन्सरकडे झुकलेल्या, नुकत्याच बिघडलेल्या पेशीलाही असतो, आणि तोच ताण काही वेळा तिची वाढ रोखून धरतो. स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की फुप्फुसात गाठी असलेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व किंवा एन-ॲसिटिल सिस्टीन हे दुसरे अँटिऑक्सिडंट दिल्यावर त्या गाठी अधिक वेगाने वाढल्या. हे एन-ॲसिटिल सिस्टीन काही मनोविकारांतही वापरून पाहिले जाते. तज्ज्ञांनी विचारपूर्वक ते दिले असेल तर गोष्ट निराळी, पण इंटरनेटवर वाचून स्वतःहून ते सुरू करणे योग्य नाही.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत धूम्रपानाचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. म्हणजे ज्या गटात बीटा कॅरोटीनने अपाय केला, त्याच गटात आपला रुग्ण असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसासाठी कोणतीही मल्टिव्हिटॅमिन बाटली घेताना तिच्या मागील बारीक अक्षरांत बीटा कॅरोटीन आहे का आणि किती, हे दुकानदाराकडून वाचून घ्यावे. खर्ऱ्याबाबत मात्र गोळीचा विचारच सोडावा. त्यातील तंबाखू आणि सुपारी या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे कॅन्सरकारक ठरलेल्या आहेत आणि त्यांच्यावर उतारा असलेली बाटली बाजारात नाही. तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखट सोसत नसेल, पांढरा चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवावे.

हे सारे गोळ्यांविषयी आहे, अन्नाविषयी नाही. मनोविकाराच्या गोळ्या चालू असताना संत्री चालत नाहीत, असे सांगणारे लोक मला नागपुरातच भेटतात, याचे वाईट वाटते. काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवणारे फळ ग्रेपफ्रूट आहे, आणि आपल्याकडचा चकोत्रा त्याच्या जवळचा आहे. क्वेटियापिन किंवा ल्युरासिडोन ही मनोविकाराची औषधे चालू असतील तर ही दोन टाळावीत. आपले संत्रे खुशाल खावे.

दुसरी चूक त्या हलणाऱ्या जबड्याची. मनोविकाराची काही औषधे दीर्घकाळ घेतल्यावर ओठ, जीभ आणि जबडा यांच्या आपोआप हालचाली सुरू होऊ शकतात. या त्रासाला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. विदर्भात अशा माणसावर खर्रा खाल्ल्याचा आळ येतो, घरात भांडणे होतात आणि निदान महिनोन्महिने लांबते. म्हणून आधी तोंड पाहावे. ते रिकामे असूनही हालचाल चालू असेल तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवावे, कारण तपासणीच्या खोलीत ती हालचाल नेमकी कमी झालेली असू शकते. या विकारावर ई जीवनसत्त्व गुणकारी ठरेल, अशी १९८० च्या दशकात मोठी आशा होती, पण रोज १,६०० युनिट इतकी मात्रा देऊन १५८ रुग्णांवर केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. घरच्या घरी दुसरा उपाय केला जातो तो हाताची थरथर थांबवणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी वाढवण्याचा, आणि तो तर उलटाच पडतो, कारण ती गोळी थरथरीवर चालली तरी जबड्याच्या या हालचाली अनेकदा वाढवते. मूळ औषध एकाएकी बंद केल्यानेही हालचाली वाढू शकतात आणि आजार उलटण्याचा धोका त्यात वेगळा असतो. मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा टेट्राबेनाझिनसारखे औषध देणे हे मार्ग आहेत, पण त्यांतला कोणता निवडायचा ते तज्ज्ञांनी ठरवावे.

आता मूळ भीतीकडे वळू. या औषधांनीच कॅन्सर होतो का? माहितीपत्रकात उंदरांना झालेल्या गाठींचा उल्लेख वाचून गोळ्या बंद करणारी माणसे मी पाहिली आहेत. माणसांबाबत जे दिसते ते असे: रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल यांसारखी औषधे प्रोलॅक्टिन हे स्तनांत दूध तयार करणारे संप्रेरक (हार्मोन) वाढवतात. फिनलंडमधील स्किझोफ्रेनियाग्रस्त स्त्रियांच्या २०२१ च्या अभ्यासात अशी औषधे ५ किंवा अधिक वर्षे घेणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता, ती एका वर्षाहून कमी काळ घेणाऱ्यांच्या सुमारे दीडपट आढळली. हा नोंदींवर आधारलेला अभ्यास आहे, त्यातून औषधानेच कॅन्सर झाला असे सिद्ध होत नाही. पण त्याकडे दुर्लक्षही करू नये. पाळी चुकत असेल किंवा बाळंतपण नसताना स्तनातून दूध येत असेल, तर संकोच न करता ते डॉक्टरांना सांगावे, प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी आणि वयानुसार स्तनांची तपासणी करून घ्यावी आणि ॲरिपिप्राझोलसारखा पर्याय आपल्याला लागू पडेल का, हे विचारावे. अँटिऑक्सिडंटच्या गोळीने प्रोलॅक्टिनचा प्रश्न सुटत नाही.

क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचे औषध घेणाऱ्यांच्या घरी आणखी एक गोष्ट माहीत असावी. बिडीच्या धुरामुळे यकृतात हे औषध लवकर विघटित होते. कॅन्सरच्या भीतीने बिडी सोडली, ही अत्यंत चांगली गोष्ट झाली, तरी पुढच्या काही दिवसांत क्लोझापिनचे रक्तातील प्रमाण बरेच वाढू शकते आणि ग्लानी, लाळ गळणे, प्रसंगी झटके असे त्रास होऊ शकतात. ओलान्झापिन या तशाच औषधालाही हे काही प्रमाणात लागू आहे. हा परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नव्हे, त्यामुळे बिडी सोडून खर्रा धरला तरी रक्तातील औषध वाढतेच, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका गळ्यात पडतो. तेव्हा बिडी सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी कळवावी, म्हणजे मात्रा वेळीच कमी करता येते.

‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हळदीच्या कॅप्सूलबाबत थोडक्यात सांगतो. त्यांत शोषण वाढावे म्हणून बहुधा काळ्या मिरीतील पिपरिन घातलेले असते, आणि ते कार्बामाझेपिन या फिट्स व मनोविकारांवरील औषधाचे रक्तातील प्रमाण वाढवू शकते. शिवाय अशा कॅप्सूल आणि ग्रीन टीचा अर्क यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. यकृताला इजा करू शकणारे व्हॅल्प्रोएट हे औषध घेणाऱ्याने त्या घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. भाजीतल्या हळदीला कोणतीच हरकत नाही.

सर्वांत नाजूक स्थिती असते ती ज्यांना आधीच कॅन्सर झालेला आहे आणि उदासीनतेची औषधेही चालू आहेत अशांची. स्तनाच्या कॅन्सरसाठी दिले जाणारे टॅमॉक्सिफेन शरीरात गेल्यावर यकृतातील एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने प्रभावी रूप घेते, आणि पॅरॉक्सेटिन व फ्लुओक्सेटिन ही उदासीनतेची औषधे नेमका तोच विकर अडवतात. अशा वेळी व्हेन्लाफॅक्सिन किंवा एस्सिटालोप्राम यांसारखा पर्याय निघू शकतो, मात्र पॅरॉक्सेटिन अचानक थांबवल्यास चक्कर आणि अस्वस्थता येते, म्हणून बदल हळूहळू करावा लागतो. किरणोपचार चालू असताना अँटिऑक्सिडंट सुरू करणे ही चूकही याच घरांत होते. कॅनडात किरणोपचार घेणाऱ्या, डोके व मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांच्या चाचणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांना, ते चालू होते त्या काळात, दुसरा नवा कॅन्सर होण्याचे प्रमाण अधिक दिसले. कॅन्सरची फाइल एका रुग्णालयात आणि मनोविकाराची दुसऱ्या रुग्णालयात असते, आणि बाटल्या कोणत्याच फाइलवर नसतात. म्हणून पुढच्या भेटीला जाताना दोन्ही फायली, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि घरातील प्रत्येक जीवनसत्त्वाची, चूर्णाची व कॅप्सूलची बाटली एका पिशवीत घालून न्यावी, आणि ती पिशवी दोन्ही डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करावी.