फवारणीआधी धूर कुठे झुकतो ते बघा

कोकणात थंडीत सकाळी सातला आंब्याच्या बागेत मूठभर पातेरा (वाळका पाला) पेटवा आणि धुराकडे लक्ष ठेवा. तो समुद्राकडे झुकला तर मतलई वारा ठीक चालू आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, तिच्यावरची हवा जड होऊन दाब वाढतो आणि ती हवा दर्याकडे सरकते. दहा-अकराच्या सुमारास जमीन तापते, दाब उतरतो, धूर घाटाच्या दिशेने वळतो. हा खारा वारा. दहिवर सुकल्यापासून खारा वारा उठेपर्यंत जो शांत वेळ मिळतो, तोच फवारणीचा. एकदा गडी उशिरा आले म्हणून मी भर दुपारी पंप सुरू केला. अर्धं औषध शेजाऱ्याच्या गडग्यावर गेलं, उरलेलं माझ्या चष्म्यावर.

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे हवेचा दाब जास्त असतो आणि तिथली कोरडी, गार हवा आपल्यापर्यंत पोचते. निरभ्र आकाश, थंड रात्री; हापूसला मोहोर यायला हेच हवं. बिघडतं ते अरबी समुद्रात कमी दाब तयार झाल्यावर. आपल्याकडे अशा दाबाभोवती वारे घड्याळाच्या उलट फिरतात. तो आपल्या पश्चिमेला असेल तर किनाऱ्यावर दक्षिणेकडून दमट वारा येतो आणि मळभ धरतं. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर कमी दाब डाव्या हाताला. मात्र हा अंदाज ढगांच्या चालीवरून घ्या, कारण जमिनीलगत मतलई आणि खारा वारा फसवतात. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळ समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, तरी पाऊस आपल्यावर पडला.

मळभात रात्र निवत नाही, दमटपणा राहतो, मग मोहोरावर तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग. मोहोराची फांदी हलकेच झटकून बघा. तुडतुडे टणाटण उडाले तर कीड आली समजा. भुरीची पांढुरकी बुरशी दिसू लागली की पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक टाळा, परागीकरण माश्याच करतात. पाऊस दारात असेल तर औषध वाया घालवू नका; तो पडून गेल्यावर मोहोर हलवून पाणी झाडा, नाहीतर करपा हा बुरशीचा रोग येतो. काजूवाल्यांनी याच दिवसांत कोवळ्या पालवीवर ढेकण्या हा रस शोषणारा किडा शोधावा.

काही मोबाइलमध्ये दाबमापक असतो. त्यावरचा आकडा बघून घाबरू नका. उंचीच्या दर 8-9 मीटरला दाब साधारण 1 मिलीबारने कमी होतो, त्यामुळे सड्यावरची (उंच कातळपठारावरची) बाग आणि खाडीकाठची बाग यांचे आकडे जुळणारच नाहीत. शिवाय रोज सकाळी दहाच्या आसपास दाब चढतो आणि दुपारी चारला उतरतो; हा फरक तीनेक मिलीबारचा असतो. म्हणून आज सकाळी दहाचा आकडा कालच्या सकाळी दहाशीच ताडून बघा. दोन-तीन दिवस सलग उतरत असेल तर हवामान खात्याचं पत्रक उघडा आणि खळ्यातली उडवी (पेंढ्यांची रास) झाका.

फेब्रुवारी-मार्चात त्रास उलट बाजूने येतो. देशावरची कोरडी हवा सह्याद्री उतरते, आणि उतरताना दाबली जाऊन दर 100 मीटरला जवळपास 1 अंशाने तापते. पूर्वेचा हा वारा जोरात असला की खाऱ्या वाऱ्याला आत यायला उशीर होतो. अकराला येणारी झुळूक दोन वाजले तरी येत नाही, तोवर पारा चढत राहतो आणि वाटाण्याएवढी कैरी गळते. बुंध्याभोवती गवताचं आच्छादन करा. मोठ्या कलमाला पंधरवड्याने 150 ते 200 लिटर पाणी द्या, एकदम ओतू नका, आळ्यात जिरवा. दुपारी एकला पेटवलेल्या पातेऱ्याचा धूर अजून समुद्राकडेच झुकत असेल, तर पाण्याची पाळी दोन दिवसांवर असली तरी त्याच संध्याकाळी पाण्याचा पंप लावा.